शेजारच्या भट्टीकडून शिकायचं कसं

कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात वितळलेलं लोखंड ओतून केलेल्या भागात, खोट निघतेय, महिना झाला, कारण सापडत नाही. अशा वेळी आधी खराब निघालेलं एक कास्टिंग घणानं फोडा. खोट नीट दिसेल असा मुठीएवढा तुकडा निवडा. त्याच्या बाहेरच्या अंगावर हीट नंबर (भट्टीच्या त्या खेपेचा क्रमांक) आणि तारीख ऑइल पेंटनं लिहा, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पिशवीत घाला. फुटलेल्या तोंडाला ओला हात लावू नका. तिथं गंज चढला की जे वाचायचं तेच झाकलं जातं. मग ती पिशवी घेऊन तुमच्यासारखंच काम चालणाऱ्या दुसऱ्या फाउंड्रीत जा.

म्हणजे स्पर्धकाकडेच. कारण तुमची खोट ओळखणारा माणूस तिथंच असतो. ट्रॅक्टरच्या हाउसिंगला कोपऱ्यात भोक का पडतं, हे पंप बनवणाऱ्याला विचारून काय उपयोग?

मी धातुशास्त्राची इंजिनिअर. गेली चोवीस वर्षं कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये मेल्टिंग आणि क्वालिटीचं काम करते. कॉलेजनं मला लोखंड आणि कार्बनचं नातं शिकवलं, ते रोज उपयोगी पडतं. पण भट्टीवर उभं राहून जे कळलं त्यातलं निम्मं दुसऱ्यांच्या भट्टीवर कळलं, आणि तेही आमच्याशी एकाच ऑर्डरसाठी झगडणाऱ्या लोकांकडून. हे लिहितेय ते नुकत्याच क्वालिटीत, मेथड्समध्ये (रस साच्यात कसा भरायचा ते ठरवणाऱ्या विभागात) किंवा मेल्टिंगला लागलेल्या मुलामुलींसाठी. कामाला लागल्या दिवशी त्यांना सांगितलं जातं, ‘इथलं बाहेर बोलायचं नाही.’ ते खरंच आहे, पण अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही आणि पोरं तीच खोट तीन-तीन महिने उकरत बसतात, जी समोरच्या प्लॉटवर दोन वर्षांपूर्वी सुटलेली असते.

आधी घरातले कप्पे करा

कुणाशी काही बोलायच्या आधी वहीत तीन कप्पे पाडा.

पहिला कप्पा सगळ्यांचा. वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), रस (वितळलेलं लोखंड), तापमान यांचा स्वभाव. इनॉक्युलेशन (ग्राफाइट नीट सुटावं म्हणून रसात थोडं मिश्रण घालणं) केल्यावर वेळ गेला की त्याचा असर ओसरत जातो, म्हणून आठ-दहा मिनिटांत लॅडल (रसाची बादली) रिकामं व्हायला पाहिजे, हे कुणाच्या मालकीचं नाही. हे मोकळेपणानं बोला.

दुसरा कप्पा आपल्या कारखान्याचा. अमुक ब्रॅकेटला रायझर (थंड होताना आकसणाऱ्या कास्टिंगला रस पुरवणारा साठा) नेमका कुठे ठेवला, गेटिंगची (रस साच्यात नेणाऱ्या वाटांची) मापं काय, एका शिफ्टमध्ये किती पेट्या (वाळूचे साचे) निघतात. त्यामागे आपल्या मालकाचे पैसे आणि आपले वाया गेलेले ट्रायल आहेत. हे मालकाला विचारून, आणि बदल्यात काही मिळत असेल तरच.

तिसरा कप्पा गिऱ्हाइकाचा. ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल, येऊ घातलेला नवा पार्ट, त्याचे आकडे. हे आपलं नाहीच, त्यामुळे देण्याचा प्रश्नच येत नाही. तुकडा पिशवीत घालतानाही बघा, त्यावर गिऱ्हाइकाचा लोगो किंवा पार्ट नंबर ओतलेला नको. असेल तर ग्राइंडरनं काढा, नाहीतर दुसरीकडून तुकडा तोडा.

आणि एक गोष्ट कुठल्याच कप्प्यात बसत नाही, ती म्हणजे रेट. किलोला काय भाव लावला, कुणाला किती सूट दिली, यावर स्पर्धकाशी चकार शब्द नको. चहाच्या टपरीवर तर नकोच. स्पर्धकांनी मिळून भाव ठरवणं हा २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली गुन्ह्यासारखाच मामला आहे, दंड मोठा बसतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एकदा रेटचा विषय निघाला की त्या टेबलावरचं तांत्रिक बोलणं तिथंच आटतं. मग प्रत्येक जण समोरच्याच्या प्रत्येक वाक्यात डाव शोधायला लागतो.

मालक तयार नसतील तर त्यांच्याशी वाद घालू नका, हिशोब ठेवा. इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेच्या भट्टीत) एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज जाते. या महिन्यात किती टन कास्टिंग परत भट्टीत गेलं ते लिहा, युनिटनं गुणा, विजेच्या बिलावरचा दर लावा. त्यात मोल्डरची मजुरी, कोअर (पोकळीसाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा), वाळू अजून धरलेलीच नाही. हा कागद घेऊन एकदा मालकांसमोर बसा आणि म्हणा, ‘साहेब, पहिल्या कप्प्यातलं बोलायची परवानगी द्या.’ मला दोन मालकांनी पहिल्या फेरीत दिली. तिसऱ्यांना पटायला वर्ष लागलं, पण ते एकदा पटल्यावर स्वतःच फोन करून द्यायला लागले.

कोण काय घेऊन फिरतं

ज्ञान माणसांच्या पायांनी फिरतं. आपल्या गेटमधून रोज कोण आत येतं ते बघा.

रॅमिंग मासवाला (भट्टीच्या लायनिंगचा, म्हणजे अस्तराचा माल विकणारा), बेंटोनाइटवाला, इनॉक्युलंटवाला हे महिन्यात पंधरा-वीस भट्ट्या बघतात. ते आले की आपण ‘कोटेशन ठेवून जा’ म्हणतो आणि मोठी संधी घालवतो. त्यांना बसवा, चहा द्या, आणि प्रश्न नीट विचारा. ‘त्या अमक्यांकडे काय चालतं हो?’ हा वाईट प्रश्न. त्याचं उत्तर देणारा माणूस उद्या तुमचंही तिकडे सांगणार. चांगला प्रश्न असा: ‘लायनिंग लवकर जातं अशी तक्रार करणाऱ्यांकडे तुम्हाला सगळ्यात जास्त काय चुकलेलं दिसतं?’ यात कुणाचं नाव येत नाही आणि वीस भट्ट्यांचा अनुभव येतो. तो माणूस शेवटी आपला माल विकायला आलाय हे लक्षात ठेवा. त्याच्या बोलण्यातला रोग बहुतेक वेळा खरा असतो, औषध मात्र त्याच्याच गोणीतलं असतं.

मशीन शॉपला स्वतः जा, ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना आहे. एकाच मशीन शॉपमध्ये तीन-चार फाउंड्रींचं काम येतं, आणि लेथवरच्या ऑपरेटरला लॅबच्या आधी कळतं. चांगल्या बिडाची बुकणी पडते, काळी, हाताला ग्राफाइट लागतं. कडक जागा आली की इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची पात) किंचाळतं, धार उडते. ऑपरेटरशेजारी अर्धा तास उभं राहून नुसतं विचारा, ‘दादा, आमच्या जॉबला इन्सर्ट किती पीस चालतं, आणि सगळ्यात चांगलं कुठलं बीड लागतं तुम्हाला?’ नाव सांगू नका म्हणा, फक्त फरक सांगा.

पॅटर्न शॉपच्या, म्हणजे साच्यासाठी नमुने बनवणाऱ्याच्या, बाबतीत उलट. पॅटर्नवाल्याच्या रॅकवर स्पर्धकांचे पॅटर्न शेजारी शेजारी पडलेले असतात. तिकडे बघूसुद्धा नका. तो बिचारा सगळ्यांचं पोटात ठेवून जगतो. त्याला एकदा बोलतं केलंत, तर तुमच्या गेटिंगचंही दार तुम्हीच उघडलंत.

मोठी गिऱ्हाइकं आपल्या सगळ्या सप्लायरना एकत्र बोलावतात, तिथं जायला टाळाटाळ करू नका. टोयोटानं जपानमध्ये सप्लायर संघाची पद्धत रुजवली. एका सप्लायरकडे झालेली सुधारणा दुसऱ्यानं जाऊन बघायची, मग ते दोघे स्पर्धक का असेनात. आपल्याकडे वाहन उद्योगातही सप्लायरचे असे गट चालवले जातात. गिऱ्हाइकाचा माणूस समोर असतो म्हणून लोक तिथं जरा जपून बोलतात खरे. खरं बोलणं जेवणाच्या रांगेत होतं. म्हणून जेवायला थांबा.

आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन. १९५० साली सुरू झालेली ही संस्था आहे, कोल्हापुरात तिची शाखा आहे. शिवाय शिरोलीचं स्मॅक, गोकुळ शिरगावचं गोशिमा, या कारखानदारांच्या संघटना. व्याख्यानाला जा, पण मागे बसून सर्टिफिकेट घेऊन येऊ नका. व्याख्यानानंतर प्रश्न विचारणाऱ्याकडे लक्ष ठेवा. जो माणूस नेमका प्रश्न विचारतो, त्याच्याकडे नेमकी ती खोट असते. त्याला चहाच्या वेळी गाठा.

विचारायचं कसं

आता माझ्या पिशवीची गोष्ट. आम्ही क्युपोला (कोकवर चालणारी भट्टी) बंद करून इंडक्शन फर्नेस बसवली होती. कोळशाचा धूर गेला, तापमान हातात आलं, सगळे खूश. आणि थोड्याच दिवसांत मशीन शॉपमधून ओरड सुरू झाली: कडा कडक येतायत, टूल टिकत नाही. आम्ही कार्बन तपासला, सिलिकॉन तपासला, दोन्ही जागेवर. इनॉक्युलंट वाढवलं, फरक नाही. त्याची कंपनी बदलली, तरी नाही. ग्राहकानं लाल शेऱ्याचं पत्र पाठवलं तेव्हा मी मालकांना विचारून हायवेच्या पलीकडच्या एका फाउंड्रीत गेले. त्यांनी आमच्या दोन वर्षं आधी क्युपोला काढला होता.

त्यांचे मेल्टिंग इनचार्ज वयानं मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी पिशवीतून तुकडा काढून दिला. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शेडच्या दाराशी जाऊन तुकडा उजेडात धरला. मधला भाग राखाडी, म्हणजे ग्रे आयर्न होता, कडेला नखाएवढ्या जाडीची पांढरी चकचकीत पट्टी. त्या पट्टीवर त्यांनी अंगठा फिरवला.

“मॅडम, क्युपोला कधी बंद केला?”

“चार महिने झाले.”

“सल्फर बघितलं काय?”

“बघितलं की. पॉइंट झिरो टू टू. एकदम छान उतरलंय.”

अण्णांनी मान हलवली. “छान नाही, लई कमी झालंय. ग्रे आयर्नला थोडं सल्फर लागतंय. नाहीतर तुमचं इनॉक्युलंट कशाला धरून बसणार?”

मला पुस्तकात सल्फर म्हणजे अपद्रव्य असंच शिकवलं होतं, जितकं कमी तितकं बरं. क्युपोलात कोक जळतो, त्यातलं सल्फर आपोआप रसात उतरतं, ०.१ टक्क्याच्या आसपास. स्टील स्क्रॅप घालून इंडक्शनमध्ये रस केला की ते येतच नाही. आणि रसात तरंगणारे मँगनीज सल्फाइडचे कण हेच ग्राफाइटची बीजं धरायला लागतात. कण कमी पडले की ग्राफाइट वेळेवर सुटत नाही, कार्बन लोखंडाशी बांधला जातो, आणि पातळ कडा पांढऱ्या, काचेसारख्या कडक निघतात. अण्णांनी हे सगळं या शब्दांत सांगितलं नाही. त्यांनी त्यांच्या रसाची पाचर (चाचणीसाठी पाचरीच्या आकाराचा नमुना) ओतून दाखवली. कोअर सँडच्या छोट्या साच्यात रस ओतला, लाली गेल्यावर पाण्यात घातली, हातोड्यानं फोडली. टोकाला तीन मिलिमीटर पांढरं. माझ्या लॅबमधली त्या आठवड्यातली पाचर नऊ मिलिमीटर पांढरी होती. त्या दोन पाचरी मी कितीतरी वर्षं माझ्या खणात शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

आम्ही आयर्न सल्फाइड घालून सल्फर ०.०७ वर नेलं आणि मँगनीज त्याला जुळवून घेतलं. सूत्र सोपं आहे: सल्फरला १.७ नं गुणायचं आणि त्यात ०.३ मिळवायचे. म्हणजे ०.०७ ला साधारण ०.४२ टक्के मँगनीज. पंधरा दिवसांत मशीन शॉपचा फोन यायचा थांबला.

ही गोष्ट इतकी लांबवली, कारण विचारण्याची पद्धत तिच्यात आहे. ‘आमचं रिजेक्शन वाढलंय, काय करू?’ असं विचाराल तर ‘वाळू बघा, तापमान बघा’ असं गुळमुळीत उत्तर मिळेल, आणि तो दोष समोरच्याचा नाही. तुकडा द्या. सोबत एका कागदावर लिहा: खोट कुठल्या जागी येते, कधीपासून येते, त्या सुमारास काय बदललं, आतापर्यंत काय करून पाहिलं आणि त्याचा काय परिणाम झाला. ‘कधीपासून’ आणि ‘काय बदललं’ या दोन ओळींवरच अण्णांनी माझं निदान केलं. आणि जे करून पाहिलं ते सांगितलंत की समोरच्याला कळतं, हा माणूस फुकटची उत्तरं गोळा करायला आलेला नाही.

दुसऱ्याच्या कारखान्यात गेल्यावर फोन खिशात ठेवा. ज्यासाठी आलात तेवढंच बघा. पॅटर्न रॅककडे, बोर्डावर लावलेल्या डिस्पॅचच्या आकड्यांकडे नजर गेली तरी वळवा, लोकांना ते दिसतं. आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव घेऊन त्याच्या साहेबासमोर आभार माना. मेल्टर मामांचं ज्ञान साहेबाच्या नावावर जमा होतं तेव्हा पुढच्या वेळी मामा गप्प राहतात.

आकडा आणताना त्याचं घरही आणा

यात मी सपशेल चुकले आहे, म्हणून सांगते. गोकुळ शिरगावच्या एका ओळखीच्या फाउंड्रीत वाळू सुंदर होती. मी विचारलं, ओलावा किती ठेवता? म्हणाले, ३.२ टक्के. आमचा चारच्या पुढे होता. मी दुसऱ्या दिवशी आमच्या मिक्सरचं पाणी तोडून ३.२ वर आणलं. पेट्यांच्या कडा ढासळायला लागल्या, कास्टिंगमध्ये वाळू शिरली, आणि सबंध शिफ्टचा माल फेटलिंगला (कास्टिंगच्या साफसफाईला) अडकला.

त्यांचा आकडा खरा होता. पण आमच्या वाळूत जुनी, जळलेली माती आणि बारीक भुकटी जास्त होती, आणि ती पाणी पिऊन बसते. तितकीच घट्ट वाळू मिळायला आम्हाला जास्त पाणी लागणारच. मी ओलाव्याऐवजी कॉम्पॅक्टेबिलिटी विचारायला हवी होती. वाळू दाबल्यावर किती खाली बसते, ते माप दोन कारखान्यांत एकमेकांशी लावता येतं. ते चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं की झालं, मग पाणी प्रत्येकाचं वेगळं का असेना.

तेव्हापासून मी कुठलाही आकडा घेताना तीन-चार प्रश्न जोडून घेते. हे कशानं मोजता? कुठे मोजता, मिक्सरच्या तोंडाशी की मोल्डिंग मशीनवर? त्या वेळी वाळू किती गरम असते? जॉब किती जाडीचा? यांची उत्तरं नसतील तर तो आकडा वहीत लिहा, भट्टीवर नेऊ नका.

आणि ट्रायल लहान घ्या. एका वेळी एकच बदल, वीस पेट्या, प्रत्येक कास्टिंगवर ओळखता येईल अशी खूण, आणि त्याच हीटमधल्या वीस पेट्या जुन्या पद्धतीनं. दोन्ही ढीग मशीन शॉपपर्यंत वेगळे ठेवा. फेटलिंगला ढीग एकत्र झाले की ट्रायल संपला असं समजा.

परत द्यायचं असतं

घेऊन आलात, काम झालं, तर निकाल कळवा. काम नाही झालं तरी कळवा. बहुतेक लोक इथंच चुकतात. अण्णांना मी महिन्याभरानं आमची नवी पाचर दाखवायला गेले. त्यानंतर वर्षभरानं त्यांच्याकडे एसजी आयर्न (ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं बीड) सुरू झालं, आणि त्यांनीच मला फोन केला. ग्राफाइटच्या गाठी, म्हणजे गोळे, नीट येत नव्हते. आमच्याकडे एसजी आधीपासून होतं, म्हणून मला लगेच कळलं. ग्रे आयर्नचे रनर-रायझर (कास्टिंगपासून तोडलेले जादा तुकडे) एसजीच्या चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, जात होते. त्यातलं सल्फर गोळे धरण्यासाठी घातलेलं मॅग्नेशियम खाऊन टाकतं. ज्या सल्फरनं आमचं ग्रे वाचवलं, तेच त्यांचं एसजी बिघडवत होतं. परतीच्या मालाचे दोन ढीग करा, मधे भिंत घाला, एवढंच सांगायचं होतं.

पुढे आम्ही चार फाउंड्रींनी महिन्यातून एकदा बसायचं ठरवलं. पहिल्या तीन बैठका वाया गेल्या, कारण रिजेक्शन प्रत्येकाचं वेगळं होतं. कुणी नगावर काढायचं, कुणी वजनावर. कुणी फक्त आपल्याकडे पकडलेलं धरायचं, कुणी गिऱ्हाइकाकडून परत आलेलंही. तुम्ही असा गट करणार असाल तर पहिली बैठक फक्त मोजमापावर घालवा. खोटींची नावं ठरवा, प्रत्येक नावाखाली एक खरा तुकडा टेबलावर ठेवा. ‘ब्लो होल’ आणि ‘श्रिंकेज’ हे शब्द चार जण चार अर्थांनी वापरतात, तुकडा समोर असला की वाद मिटतो. गोल, गुळगुळीत भिंतीचं भोक म्हणजे वायू. खडबडीत, आत झाडाच्या फांद्यांसारखे दाणे दिसतात ते आकुंचन.

एकाच मापानं मोजण्याची ताकद केवढी असते याचं एक जुनं उदाहरण मी त्या गटात सांगितलं होतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींत पाणी उपसायला वाफेची इंजिनं होती. जेम्स वॉटचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट १८०० साली संपलं. १८११ पासून जोएल लीन नावाच्या खाणीतल्या माणसानं दर महिन्याला छापील तक्ता काढायला सुरुवात केली: कुठलं इंजिन, कोळसा किती, तेवढ्या कोळशात पाणी किती उचललं, इंजिनिअर कोण. सगळ्यांना एकच माप. कुणाचं इंजिन बरं चाललंय हे उघड दिसायला लागलं, की बाकीचे तिथं जाऊन त्याची रचना बघायचे आणि आपल्यात सुधारणा करायचे. तीस-पस्तीस वर्षांत तक्त्यातल्या इंजिनांची कोळशामागची सरासरी तिपटीच्या आसपास गेली. आमच्या गटाचा तक्ता एका पानाचा आहे, फाउंड्रीचं नाव न घालता अ, ब, क, ड. पण प्रत्येकाला आपलं अक्षर माहीत असतं, आणि सलग दोन महिने तळाला राहणं कुणालाच सोसवत नाही.

नोकरी बदलून येणारी माणसं

सगळ्यात जास्त ज्ञान याच वाटेनं फिरतं, आणि सगळ्यात जास्त मनस्तापही. कोल्हापुरात मोल्डर, मेल्टर, सुपरवायझर पगारासाठी प्लॉट बदलतात, त्यांना बदलू द्या. भारतीय करार कायद्याचं २७ वं कलम माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार मुळात रद्दबातल धरतं. म्हणून ‘सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या फाउंड्रीत जायचं नाही’ असल्या अटी नोकरी सोडल्यानंतर सहसा टिकत नाहीत. पण गोपनीय कागदपत्रांबद्दलचं बंधन वेगळं, ते नोकरी सुटल्यावरही पाठ सोडत नाही. मोठा प्रश्न असेल तर वकिलाला विचारा.

माझा नियम साधा आहे. हातात आणि डोळ्यांत आलं ते त्या माणसाचं. पेन ड्राइव्हमध्ये आलं ते त्याच्या जुन्या मालकाचं. एकदा नव्यानं रुजू झालेल्या एका मुलानं पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवला. जुन्या कारखान्यातले सगळे मेथड शीट. त्याला वाटलं मी खूश होईन. मी तो कॉम्प्युटरला लावला नाही. त्याला म्हटलं, हे तू इथं आणलंस, उद्या आमचंही असंच नेशील, आणि तेव्हा तुला वाईट वाटणार नाही. तो रडवेला झाला, मलाही नीट झोप लागली नाही. पण पुढे तोच मुलगा आमच्याकडचा सगळ्यात चांगला मेथड इंजिनिअर झाला, स्वतःच्या डोक्यानं.

नव्या माणसाला विचारायचंच असेल तर असं विचारा: ‘आमची शेड बघून तुला काय खटकलं?’ पहिल्या आठ दिवसांत विचारा. नंतर त्याची नजर आपल्यासारखी होते.

छापलेलं वाचा

पेटंट म्हणजे कुलूप, असं आपल्याकडे समजतात. मुळात ते उघडं पुस्तक आहे: शोध लावणाऱ्यानं कृती लिहून द्यायची आणि बदल्यात अर्ज केल्यापासून वीस वर्षांचा हक्क घ्यायचा. वीस वर्षं उलटली की कृती सगळ्यांची. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. फिल्टर, स्लीव्ह, कोअर बाइंडर यांच्यावरची मुदत संपलेली पेटंट मी सुट्टीच्या दुपारी वाचते. भाषा किचकट असते, पण उदाहरणांच्या भागात टक्केवारी आणि तापमान स्पष्ट दिलेलं असतं. आधी तेवढंच वाचा.

आणि सभांमध्ये तोंड उघडा. एसजी आयर्नची कथा मला म्हणूनच आवडते. कीथ मिलिस हे अमेरिकेत निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत युद्धकाळातल्या क्रोमियमच्या टंचाईवर उपाय शोधत होते, आणि १९४३ मध्ये मॅग्नेशियम घातलेल्या बिडात ग्राफाइटचे गोळे मिळाले. कंपनीनं ते पाच वर्षं पोटात ठेवलं. १९४८ मध्ये फिलाडेल्फियाला फाउंड्रीवाल्यांच्या अधिवेशनात इंग्लंडच्या हेंटन मॉरो यांचा सेरियम वापरून गोळे मिळवल्याचा निबंध आला, आणि चर्चेत निकेल कंपनीच्या माणसानं उठून सांगितलं, हे आम्हाला मॅग्नेशियमनं जमलंय. एकमेकांपासून लपवून दोन खंडांत चाललेलं काम एका दुपारी एका सभागृहात उघड झालं.

मागच्या आठवड्यात समोरच्या प्लॉटवरचा एक मुलगा आला होता, पिशवी घेऊन. ग्रे आयर्नच्या जाड भागात बारीक, स्वल्पविरामाच्या आकाराच्या भेगा. त्यानं कागदावर लिहून आणलं होतं: तीन आठवड्यांपासून, पिग आयर्न महाग झाल्यावर स्टील स्क्रॅप वाढवलं तेव्हापासून. मी विचारलं, मग कार्बन भरून काढायला सीपीसी (भाजलेला पेट्रोलियम कोक) कुठलं वापरताय? म्हणाला, नवीन आहे, स्वस्त मिळालं. मला नायट्रोजनचा संशय आहे. स्वस्त कोकमध्ये तो जास्त असतो आणि जाड भागात अशाच भेगा पाडतो. पण आमच्या स्पेक्ट्रोवर (धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) नायट्रोजन दिसत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागेल. तोवर जुन्या सीपीसीवर एक हीट काढ आणि दोन्ही गोण्यांवरचे बॅच नंबर लिहून आण, असं त्याला सांगितलंय. तुकडा माझ्या टेबलावर आहे. शनिवारी तो परत येणार आहे.